ग्रेगॉर साम्साची किंमत

प्रश्न : फ्रान्झ काफ्काच्या ‘मेटामॉर्फसिस’ या दीर्घकथेचा नायक एके सकाळी किडा होऊन जागा होतो, पण ‘हे कशामुळे घडले?’ असे कोणीच विचारत नाही. ही असंगती आणि ‘आपण कोणाच्याच उपयोगाचे नाही’ ही त्याची भावना, यांचा संबंध कसा लावावा?

उत्तर : 1912 मध्ये लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कथेतला ग्रेगॉर साम्सा हा कापडाचा फिरता विक्रेता आहे. पाठीवरचे कठीण कवच आणि वळवळणारे पाय पाहूनही त्याला घोर लागतो तो पाचची गाडी चुकल्याचा. थोड्याच वेळात कंपनीचा वरिष्ठ माणूस चौकशीला घरी येऊन धडकतो. शरीर पार बदलले तरी हजेरी आणि आईवडिलांवरचे मालकाचे कर्ज जागच्या जागी आहे, आणि माझ्या मते कथेतली खरी असंगती हीच आहे. स्वतःची किंमत कमाईवरून ठरवण्याची सवय ग्रेगॉरला माणूस असतानाच जडलेली होती.

पाच वर्षांपूर्वी वडिलांचा धंदा बुडाल्यापासून घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चालले होते. आता दाराआडून त्याला कळते, की वडिलांनी जुन्या धंद्यातली थोडी शिल्लक जपून ठेवली होती आणि त्याने दरमहा दिलेल्या पैशांतूनही काही रक्कम साठली होती. त्या पैशांतून कर्ज आणखी फेडता आले असते, नकोशा नोकरीतून सुटण्याचा दिवस जवळ आला असता, हे त्याच्या ध्यानात येते. तरीही वडिलांनी केले ते योग्यच, असे मानून तो आनंदाने मान डोलावतो. वडिलांनी फेकलेले सफरचंद त्याच्या पाठीत रुतते, त्या प्रसंगापेक्षा मला हा प्रसंग अधिक क्रूर वाटतो, कारण इथे त्याला कोणी दुखावत नाही आणि तो आपण होऊन स्वतःला वजा करतो. प्रागमधील कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी करणाऱ्या काफ्काला, शरीराच्या हानीची भरपाई बुडालेल्या मजुरीच्या हिशेबाने कशी ठरते, हे रोजच्या कामातून ठाऊक होते.

पुढे बहीण ग्रेटे ‘याला घालवलेच पाहिजे’ असे म्हणते, तेव्हा ग्रेगॉर घरच्यांविषयी मायेनेच विचार करतो आणि आपण नाहीसे व्हावे हे त्याचे मत तिच्याहूनही पक्के असते. कारण न विचारले जाण्याचे उत्तरही यातच असावे : त्याने आणलेल्या पैशांची ज्या घराला सवय होऊन गेली होती, तिथे तो पगार थांबल्यावर आता भागवायचे कसे, हाच प्रश्न आधी उभा राहतो.