थायरॉइडच्या ऑपरेशनआधी मान घासू नका, वस्तरा तर लावूच नका

ताई, तुम्ही परभणीहून लिहिलंय की थोड्या दिवसांत संभाजीनगरला थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन आहे. गाठीपेक्षा जास्त धास्ती गळ्यावरच्या खुणेची, पोत काढायची आणि काळवंडलेल्या मानेची वाटते, आणि घरचे म्हणतात, "जिवापुढं रूपाचं काय घेऊन बसलीस." त्यांचं ऐकून गप्प बसू नका. ही काळजी खरी आहे आणि आधीपासून करण्यासारखं बरंच आहे. मी डॉक्टर नाही, याच वाटेनं गेलेली आहे. तुमचे सर्जन वेगळं सांगतील तर त्यांचंच ऐका. उपाशीपोटी राहणं, रक्ततपासण्या हे दवाखान्यात सांगतातच, ते सोडून देते.

सगळ्यात महाग पडते ती चूक आधी सांगते. भरतीच्या खिडकीवर सगळ्या ऑपरेशनांना मिळून एकच झेरॉक्स कागद देतात. त्यावर "जागा साफ करून येणे" एवढंच असतं. मलाही एका दवाखान्यात तोच कागद मिळाला होता. साफ म्हणजे काय हे विचारलं, तर खिडकीवरच्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. मग बायका घरी वस्तरा लावतात. वस्तऱ्यानं कातडीला डोळ्याला न दिसणारे काप पडतात, त्यात जंतू शिरतात, दोन दिवसांत बारीक पुटकुळ्या येतात आणि ऐनवेळी तारीख पुढं ढकलली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: शक्यतो केस काढूच नयेत, अगदी गरज असेल तर फक्त क्लिपरनं, म्हणजे केस कापायच्या मशीननं, काढावेत, वस्तरा नको. म्हणजे "साफ" करायला साबणाची अंघोळ पुरते. असा अर्धवट कागद हातात देणं मला आजही बेजबाबदारपणाच वाटतो. तुम्ही सर्जनना किंवा वॉर्डातल्या सिस्टरना सरळ विचारा, "केस काढायचे का, आणि कोण काढणार?"

मानेच्या काळेपणाचंही तेच. तो मळ नसतो. वजन, इन्सुलिनचा बिघाड यांमुळं घडीतली कातडी जाड आणि गडद होते. सर्जन ते रोज बघतात, कुणी नाव ठेवत नाही. पण लाजेपोटी लिंबू, सोडा, ब्लीच लावून मान घासली, की नेमकी कापायची जागाच सोलवटते. फेशियल, वॅक्सिंग, मानेवरचं थ्रेडिंग आता बंद ठेवा.

छेद साधारण 4 ते 6 सेंटिमीटरचा, गळ्याच्या मूळच्या घडीत घेतात. आडवं झोपवून मान मागं वाकवली की घड्या नाहीशा होतात, म्हणून भूल देण्याआधी, तुम्ही बसलेल्या असताना पेनानं खूण करायची विनंती करा. बरेच सर्जन ते करतातच, पण विचारायला संकोच नको. कान टोचल्यावर किंवा जुन्या जखमेवर मूळ जखमेपेक्षा मोठी, उंच गाठ वाढलेली असेल तर तेही आत्ताच सांगा. तो केलॉइडचा कल असतो. माहीत असलं की टाके सुकल्यावर लक्ष ठेवता येतं, वेळेत इंजेक्शनं देता येतात.

पोत आणि डोरलं काढावंच लागतं, कारण ऑपरेशनची जागाच ती आहे. सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगून त्यांच्याकडं द्या, म्हणजे थिएटरच्या दारात रडारड होत नाही. बांगड्या सलाइनच्या आड येतात, आणि रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात त्यामुळं अंगावर धातू नको. चमकीचा फिरकीचा स्क्रू आणि घट्ट जोडवी घरीच काढा. सकाळी पायाला सूज कमी असते, तेव्हा साबणाच्या पाण्यानं जोडवी निघतात. नाहीच निघाली तर सोनाराकडं जा. नखांचं पॉलिश काढा, ऑक्सिजन मोजणारा चिमटा नखातून उजेड टाकून मोजतो. काजळही नको, भुलेत डोळ्यांवर पट्टी लावतात.

केसांना तेल नको. अंबाडा तर नकोच, डोक्याखाली गोळा येतो आणि मान नीट मागं जात नाही. दोन बाजूंना दोन सैल वेण्या, साधं रबर, पिना नाहीत. घरी येताना समोरून उघडणारा गाऊन घाला.

नंतरचं थोडक्यात. गळा झपाट्यानं फुगला, श्वास अडकला तर एक मिनिट न थांबता सांगायचं. ओठाभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या तरी सांगायचं, कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. जखमेवर हळद, खोबरेल काही नाही. पूर्ण भरली की, साधारण 2-3 आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून सिलिकॉन जेल दोन वेळा अगदी पातळ, 2-3 महिने. पट्टीही मिळते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिच्याखाली घामोळ्या येतात, मला जेलच बरं वाटतं. वर्षभर बाहेर पडताना सुती ओढणी आणि 30 एसपीएफचं सनस्क्रीन. उन्हानं खूण काळी पडते. पहिले दोन महिने ती लाल, टणक, आधीपेक्षा वाईट दिसते, त्यावर जाऊ नका. नीट मुरायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. 2-3 महिन्यांनी केस गळू लागले तर घाबरू नका, बहुतेकदा ते परत येतात, फक्त टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.

राहिलं भाचीचं लग्न. तुम्ही म्हणता दोन महिन्यांवर आहे, तर खूण तेव्हा ठळक असेल. जखम पूर्ण भरलेली असली तर कन्सीलर चालतो, आधी कानामागं लावून बघा. ठुशी नेमकी खुणेवर बसून घासते, ती यंदा ठेवून द्या आणि लांब हार घाला. पोतही सुरुवातीला लांबच गाठवून घ्या.