कशेळीचा हत्ती आणि उतरते ऊन

प्रश्न : डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही पाच-सहा जण राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याहून चालत निघून कशेळीच्या सड्यावरचे, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळी पठारावरचे, हत्तीचे कातळशिल्प (जमिनीच्या खडकात रेषांनी कोरलेले चित्र) पाहणार आहोत. दुपारी बाराच्या सुमारास शिल्प पाहावे, मग कशेळीतल्या कनकादित्याच्या म्हणजे सूर्याच्या देवळात डबा खावा, असा बेत आहे. तो योग्य आहे का? रेषा पुसट असतील तर खडूची पूड भरून छायाचित्र घेतल्यास चालेल का?
— एक वाचक, लांजे

उत्तर : बेत चांगला आहे, फक्त त्याचा क्रम उलटा करावा. मी पहिल्यांदा तिथे गेलो तो भर दुपारी, आणि काळवंडलेल्या जांभ्या खडकाखेरीज मला काहीही दिसले नाही. सोबतचे गावकरी ‘ही सोंड, हा पाय’ असे दाखवीत होते आणि मी संकोचाने मान डोलवीत होतो. साडेचारनंतर मात्र ऊन तिरपे झाले, खोदरेषांच्या एका काठाची सावली आत पडली आणि डोळ्यांसमोर सोंडेची वळलेली कड हळूहळू काळी होत गेली. रेषा उथळ असल्यामुळे त्या दिसतात त्या सावलीमुळेच. डोक्यावरचे ऊन ती सावली पुसून टाकते.

म्हणून सकाळी आडिवऱ्याच्या महाकालीचे दर्शन घेऊन निघावे, दुपारची विश्रांती कनकादित्याच्या देवळात घ्यावी आणि चारच्या सुमारास सड्यावर पोहोचावे. कोकणात सूर्याची देवळे मोजकीच आहेत, आणि शिलाहार राजा दुसरा भोज याच्या इ. स. ११९१ च्या ताम्रपटामुळे कशेळीचे नाव इतिहासातही नोंदलेले आहे. तेव्हा हा वेळ वाया जाणार नाही. रथसप्तमीच्या उत्सवात मात्र शांतपणे टेकायला जागा मिळेल, अशी आशा धरू नये. सड्यावर झाड नाही आणि पाणीही नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि परतीच्या वाटेसाठी विजेरी एवढे सोबत असावे.

हा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असून त्याच्या देहरेषेच्या आत इतर प्राण्यांच्या अनेक आकृती कोरलेल्या आहेत. एवढे चित्र उभ्या माणसाच्या नजरेत एकदम मावत नाही. त्यामुळे कडेकडेने पूर्ण फेरी मारावी, एक पाय ओळखू आला की त्यावरून पोटाची रेषा धरावी आणि आतल्या आकृतींकडे सर्वांत शेवटी वळावे. लहान मुले सोबत असतील तर हे काम त्यांच्यावर सोपवावे. मोठ्यांआधी त्यांनाच मासा सापडतो, असा माझा अनुभव आहे.

खडूला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. पूड भरणाऱ्याला जी रेषा वाटते तीच छायाचित्रात उमटते. मग कातळाची नैसर्गिक भेगही हत्तीचा दात ठरते आणि पुढचा पाहणारा तेच खरे मानतो. शिवाय जांभा सच्छिद्र असल्यामुळे पूड आत शिरून बसते. रेषा उठून दिसावी म्हणून पाणी ओतणे, काठीने माती उकरणे, छायाचित्रासाठी शिल्पावर उभे राहणे हेही टाळावे. २०२२ मध्ये कोकणातील ज्या कातळशिल्पांची नावे युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत कशेळी आहे. तरीही तिथे रोजची राखण गावकऱ्यांच्या डोळ्यांनीच होते, म्हणून गावात विचारून आणि शक्य तर वाटाड्या घेऊनच वर जावे. छायाचित्र हवे असल्यास कॅमेरा जमिनीलगत, सूर्याच्या समोरच्या दिशेने धरावा आणि सव्वापाचपर्यंत थांबावे.