वहिनींच्या रकान्यातली प्रश्नचिन्हं

"मॅडम, असल्या गोष्टीसाठी कुणी समुपदेशकाकडे येतं का हो?" असं म्हणत त्याने फोन माझ्यापुढे धरला. तो मुळात आला होता झोप लागत नाही म्हणून. हे आमचं तिसरं सेशन. पण त्या दिवशी झोपेचा विषय निघालाच नाही, कारण जिवलग मित्राचं लग्न अकरा दिवसांवर आलं होतं आणि गिफ्ट काय द्यायचं ते काही केल्या ठरत नव्हतं.

येतात, बरीच माणसं येतात. सुरुवात अशीच ओशाळं हसून करतात आणि प्रश्नही साधारण हाच असतो: मित्राला मी नखशिखांत ओळखतो, त्याच्या जोडीदाराला नाही. गिफ्ट दोघांना द्यायचं आहे. कमी वाटलं तर? नाहीच आवडलं तर? या तरुणाची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्याची गोष्ट लिहिते आहे.

फोनवर त्याने चक्क तक्ता केला होता. तेवीस वस्तू आणि चार रकाने: वस्तू, किंमत, 'त्याला', 'तिला'. 'त्याला' या रकान्यात बारीकसारीक टिपा होत्या. 'निळा नको.' 'आहे एक, पण हँडल तुटलंय.' 'कॉलेजपासून घ्यायचा म्हणतोय.' 'तिला' या रकान्यात तेवीसच्या तेवीस ओळींत प्रश्नचिन्हं.

आज हे लिहिताना ती प्रश्नचिन्हं ठळक दिसतात. तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी नजर गेली किमतींवर. खाली खाली आकडे चढत गेले होते, आणि शेवटच्या दोन-तीन वस्तू त्याच्या पगाराला झेपणाऱ्या नव्हत्याच. म्हणून मी त्या धाग्याला धरून बोलत सुटले. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या संशोधकांनी 2009 मध्ये भेटवस्तूंच्या किमतींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. देणाऱ्यांना वाटत होतं की वस्तू जितकी महाग, तितकं कौतुक जास्त. घेणाऱ्यांच्या कौतुकाचा मात्र किमतीशी मेळ बसला नाही. हे त्याला सांगितलं, खर्चाची मर्यादा आधी ठरवा, वस्तू मागून बघा, असंही सांगितलं. त्याने मान डोलावली, फोनमध्ये टिपून घेतलं आणि म्हणाला, "पटलं. पण मग देऊ काय?"

म्हणजे माझं व्याख्यान वाया गेलं होतं. मी जरा थांबले आणि विचारलं, "या यादीचं जाऊ दे. तुम्हाला मनापासून काय द्यावंसं वाटतंय?"

ते यादीत नव्हतंच, बॅगेत होतं. त्याने कपड्यात गुंडाळलेला एक अल्बम काढून टेबलावर ठेवला. चौदा वर्षांच्या मैत्रीतले फोटो निवडून, छापून, स्वतःच्या हाताने चिकटवलेले. बंद पडलेल्या मोटरसायकलजवळ हताश बसलेले दोघं. प्लॅस्टरमधला मित्राचा पाय आणि प्लॅस्टरवर याच्या अक्षरात एक चावट चारोळी. एकाच चादरीची ओढाताण करत झोपलेले दोघं. प्रत्येक पानावर हेच दोघं. शेवटचं पान कोरं.

"सुंदर झालाय," मी म्हटलं. खरंच झाला होता. मग विचारलं, "यात वहिनी कुठे आहेत?"

"शेवटचं पान ठेवलंय ना त्यांच्यासाठी." म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्यालाच हसू आलं. मग बराच वेळ गप्प बसला. "त्या मला आवडत नाहीत असं नाही हो मॅडम. मला त्या माहीतच नाहीत. चारदा भेटलोय, चारही वेळा गर्दीत." पुन्हा थोडा थांबून, "आमच्यातले तिघं आधीच लग्न होऊन गेले. 'येतो रे' म्हणतात. येत नाहीत."

'लग्न होऊन गेले' असं तो म्हणाला. हे वाक्य ऐकल्यावर मी पुन्हा तो तक्ता मागून घेतला आणि या वेळी चौथा रकाना पाहिला.

गिफ्टच्या काळजीखाली दर वेळी असं काहीतरी दडलेलं असतंच, असं समजू नका. कित्येकदा माणसाकडे नुसता वेळ नसतो किंवा पैसे नसतात, आणि तिथे उगाच खोदत बसणं हा आम्हा समुपदेशकांचा दोष आहे. पण तेवीस वस्तू निवडून तेवीसही नाकारणाऱ्या माणसाचं घोडं वस्तूपाशी अडलेलं नसतं. त्याला मित्राला सांगायचं होतं, 'मला विसरू नकोस.' आणि हे सांगायचं काम तो अशा गिफ्टवर टाकत होता, जे उघडताना शेजारी एक जवळजवळ अनोळखी बाई बसलेली असणार होती.

जवळच्या मित्रांचं हे नेहमीचं आहे. मॉर्गन वॉर्ड आणि सुसान ब्रोनिआर्चिक यांचा 2016 चा एक अभ्यास घेणाऱ्यांनीच दिलेल्या भेटवस्तूंच्या यादीवर आहे. काही ठिकाणी लग्नात जोडपं स्वतःच अशी यादी देतं, आम्हाला यातलं काहीही चालेल म्हणून. ती यादी बाजूला सारून स्वतःच्या मनाने काहीतरी वेगळं नेणारे कोण, तर जवळचे मित्र. आमचं नातं इतरांपेक्षा वेगळं आहे, हे त्यांना दाखवायचं असतं. घेणाऱ्यांना मात्र यादीतलीच वस्तू जास्त हवी असते. या वेळी मी हे व्याख्यान म्हणून सांगितलं नाही. तुम्ही एकटेच असे नाही, एवढ्यापुरतं सांगितलं. त्याच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला.

"मग अल्बम देऊ नको?"

द्याच, मी म्हटलं. ज्युलियन गिवी आणि जेफ गॅलॅक यांनी 2017 मध्ये नेमकं हेच दाखवलं आहे: आठवणींची वस्तू द्यायला लोक कचरतात, चुकेल म्हणून आवडीनिवडीची सुरक्षित वस्तू उचलतात. घेणाऱ्यांना मात्र आठवणींची वस्तू देणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त हवी असते. अल्बममध्ये चूक काहीच नव्हती. त्याच्यावर नवरा-बायको दोघांची नावं घालून तो लग्नाच्या दिवशी देणं, तेवढं चुकीचं होतं. अल्बम मित्राचा आहे, मित्राला द्या, लग्नाच्या आधी एखाद्या संध्याकाळी, दोघंच असताना. दोघांसाठीचं गिफ्ट वेगळं. ते साधं असलं तरी चालेल.

आणि ते कसं ठरवायचं? विचारून. इथे त्याचा चेहरा पडला. विचारलं की गंमत जाते, असं बहुतेकांना वाटतं. मला विचाराल तर लग्नाच्या गिफ्टमधली गंमत म्हणजे कागद फाडण्याचा अर्धा मिनिट, आणि नंतर ती वस्तू घरात वर्षानुवर्षं राहते. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला कुणीतरी भिंत व्यापेल एवढं चित्र दिलंय. ते पलंगाखाली असतं. देणारे यायचे असले की बाहेर काढून टांगायचं, ते गेले की परत आत. नऊ वर्षं चाललंय हे.

त्याने तिथेच मेसेज लिहिला, मित्राला: 'लग्नात काय हवं ते बिनधास्त सांग.' मी म्हटलं, याला उत्तर एकच येणार, 'काही नको रे, तू फक्त ये.' इतका मोकळा प्रश्न विचारला की समोरचा संकोचतो, त्याला तुमच्या खिशाचा अंदाज नसतो. आणि एकट्या मित्राला विचारलंत तर चौथा रकाना रिकामाच राहील. तीनदा खोडून शेवटी मेसेज असा झाला, आणि तो तिघांच्या नव्या ग्रुपवर गेला: 'तुमच्या नव्या घरात रोज हाताशी लागेल अशी एक वस्तू माझ्याकडून. बजेट ठरलंय, त्याची काळजी नको. सध्या घरात कशावाचून अडतंय? वहिनी, तुम्ही सांगा, हा काही सांगणार नाही.'

शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं. मला ते फार आवडलं.

बिल बॉक्समध्येच ठेवा, बदलायची सोय राहते, एवढं मी जाता जाता सुचवलं. वर्गणी काढून एकत्र काही द्यायचं असेल तर प्रत्येकी किती हे वस्तू बघण्याआधी ठरवावं, नाहीतर ज्याचा खिसा रिकामा असतो तोच गप्प बसतो. याच्या बाबतीत तो प्रश्न नव्हता, पण इतरांच्या बाबतीत हमखास येतो. आणि एकट्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या जुन्या चाळ्यांवर बेतलेली चेष्टेची गिफ्टं सगळ्यांसमोर उघडायला देऊ नयेत. दुसरा माणूस हसतो, पण ते लक्षात ठेवतो.

पुढच्या सेशनला तो वैतागून आला. मेसेज गेल्यावर दहा मिनिटांत वहिनींचं उत्तर आलं होतं: 'आमच्याकडे साधा स्क्रूड्रायव्हर नाही हो! पडदे जमिनीवर पडलेत. टूलकिट दिलंत तर दुवा देईन. ड्रिल असलेलं.'

"लग्नात हातोडी-पक्कड देऊ, मॅडम? लोक काय म्हणतील?"

"लोकांचे पडदे पडलेत का?"

त्याने दिलं टूलकिट. अल्बम आधीच, लग्नाच्या चार दिवस अगोदर देऊन झाला होता. मित्र काय म्हणाला ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लग्नाच्या दिवशी बॉक्स उघडल्यावर दोन काका 'हे काय?' म्हणाले म्हणे. वहिनींनी ड्रिल बाहेर काढून सगळ्यांसमोर चालू करून बघितलं.

महिनाभराने आला तेव्हा बसायच्या आधीच त्याने फोन पुढे केला. भिंतीवर एक फळी होती, डावीकडे चांगली दोन बोटं कललेली. खाली वहिनींचा मेसेज: 'स्वतः केलंय. हसू नका. रविवारी येऊन सरळ करून द्या, तुमच्या मित्राला यातलं ओ की ठो कळत नाही.'

"जाणार?" मी विचारलं.

"लेव्हल घेतलीय विकत," तो म्हणाला. बुडबुड्याची ती छोटी पट्टी त्याने बॅगेतून काढून टेबलावर ठेवली. आम्ही दोघांनी बघितली, माझं टेबलही जरासं कललेलं निघालं. मग फोन उलटा ठेवून त्याने विचारलं, "आता झोपेचं बोलूया का?"