उतारावर घर बांधताना माती खालच्या शेतात जाऊ नये म्हणून गोव्यात काही नियम आहेत का?

तुमचा प्रश्न असा: फोंड्याजवळ उताराच्या प्लॉटवर घर बांधायचंय, खालच्या अंगाला शेजाऱ्याचं भातशेत आहे. अमेरिकेतला भाऊ सांगतो की तिथे माती आणि पावसाचं पाणी कसं अडवणार याचा आराखडा दिल्याशिवाय काम सुरूच करता येत नाही. आपल्याकडे असं काही आहे का? मी साइट इंजिनिअर आहे आणि माझी बरीचशी कामं अशाच प्लॉटवरची, म्हणून सविस्तर लिहितो.

भाऊ बरोबर सांगतोय. तिथे एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरायची असेल तर पावसाच्या पाण्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि कित्येक शहरं लहान प्लॉटलाही नियम लावतात. गोव्यात एकट्या घरासाठी त्या धर्तीचा स्वतंत्र आराखडा मागायची पद्धत नाही. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण तो तुमचा विषय नव्हे.

तुम्हाला लागू होतं ते गोवा नगर आणि ग्राम नियोजन कायदा, १९७४ मधलं कलम १७अ. डोंगराळ जमीन कापायची किंवा सखल जमिनीत भराव टाकायचा, तर मुख्य नगर नियोजकांची लेखी परवानगी आधी हवी. पंचायतीचा बांधकाम परवाना हातात आला म्हणजे डोंगरकापणीलाही मुभा मिळाली, असं धरून चालू नका. जेसीबी बोलावण्याआधी नगरनियोजन खात्याच्या तालुका कार्यालयात नकाशा आणि उताराच्या पातळ्या घेऊन जा. आणि कलमातला भरावाचा भाग विसरू नका. तुमच्या प्लॉटवरची माती टिप्परवाला रात्री कुठल्या तरी खाजन शेतात (खाडीकाठच्या सखल भातजमिनीत) नेऊन ओतत असेल, तर तिथेही हेच कलम मोडतं. माती कुठे जाणार हे कंत्राटातच लिहून घ्या.

आता मातीचं सांगतो, कारण कागद पूर्ण असूनही चिखल खाली जातो. आपल्या डोंगरांना वरून जांभ्याचं कवच असतं. त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी मऊ, पिवळट-पांढरी चिकणमाती लागते. कवच कापलं की ती उघडी पडते आणि पहिल्या जोरदार सरीत सुटायला लागते. साइटवरून वाहणारं पाणी पारदर्शक बाटलीत भरून ठेवा. वाळू काही मिनिटांत तळाला बसते, पण पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसतं. ही बारीक माती एकदा पाण्यात मिसळली की छोट्या खड्ड्यात थांबत नाही. म्हणून ती सुटूच न देणं हाच खरा उपाय आहे.

त्यासाठी कामाचा क्रम सांभाळा. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एप्रिल-मेमध्ये उतार कापून ठेवायचा आणि भिंत पावसाळ्यानंतर बांधू म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. दिवाळीनंतर कापणी सुरू करा आणि मृगाच्या आत संरक्षक भिंत उभी करा. ते जमणार नसेल तर कापणी पुढच्या मोसमावर टाका, जेसीबी स्वस्तात मिळत असला तरी. आणि ऑक्टोबर उजाडला म्हणून निर्धास्त होऊ नका. २००९ साली काणकोणात महापूर आला तो २ ऑक्टोबरला.

सगळ्यात आधी, कापणीच्याही आधी, वरच्या अंगाला आडवा चर खणा, म्हणजे डोंगरावरून येणारं पाणी उघड्या मातीवर न येता बाजूने ओहोळाकडे जाईल. हा चर शेजाऱ्याच्या बांधावर नेऊन सोडू नका. भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवा आणि मागे खडीचा थर द्या, नाहीतर मागे साचलेलं पाणी भिंतच ढकलतं. वरची काळसर सुपीक माती वेगळी काढून ताडपत्रीखाली ठेवा, पुढे बागेला तीच लागेल. खालच्या हद्दीला जिओटेक्स्टाइल कापडाची (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) आडवी ओळ लावा आणि कापडाची खालची कड जमिनीत वीतभर गाडा. नुसतं खुंट्यांना बांधलं तर पाणी खालून निघून जातं आणि कापड नावापुरतं राहतं. हिरवी शेडनेट या कामाची नाही. कापडाच्या अलीकडे खड्डा ठेवा आणि तो निम्मा भरला की उपसा. चिकणमाती सगळी थांबणार नाही, पण वाळू आणि ढेकळं तरी शेतात जाणार नाहीत. उघड्या उतारावर वाळा लावायचा असेल तर पहिल्या पावसाबरोबर लावा, म्हणजे मुळं धरतात.

चिखल रस्त्यावर किंवा गटारात गेला तर पंचायत काम थांबवण्याची नोटीस काढू शकते. सार्वजनिक उपद्रव म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही तक्रार होऊ शकते. शेताचं नुकसान झालं तर शेजाऱ्याला दिवाणी दावा लावता येतो, तो वेगळाच.

एवढं होण्याआधी स्वतः त्यांच्याकडे जा. त्यांच्या शेताचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे बांधावर उभं राहून त्यांच्याकडूनच समजून घ्या. नकाशात न दिसणारी वाट त्यांना ठाऊक असते. त्यांच्या समक्ष बांधाचे फोटो काढा आणि तुमचा व तुमच्या मुकादमाचा नंबर त्यांना देऊन ठेवा, म्हणजे पहिल्या पावसात चर तुंबला तर ते लगेच फोन करतील.