रायफलसाठी कमी बजेटमध्ये चांगला स्कोप (नेम धरायची दुर्बीण) कसा निवडावा? ६-२४×५० स्वस्तात मिळतोय, घ्यावा का?

नका घेऊ. तेवढ्याच पैशात ३-९×४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची लेन्स ४० मिमीची) किंवा अगदी ४ पटीचा फिक्स्ड, म्हणजे झूम नसलेला स्कोप मिळत असेल तर तो बघा.

मोठा आकडा छापायला कंपनीला काहीच लागत नाही. पैसे लागतात ते काचेला आणि आतल्या यंत्रणेला. पट वाढले की काच आणि आतले भाग जास्त अचूक लागतात, आणि किंमत तीच ठेवायची तर प्रत्येक भागात काटछाट होते. शिवाय साधा भागाकार करून बघा. पुढच्या लेन्सचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २ मिमी. संध्याकाळी डोळ्याची बाहुली त्याच्या दुपटीहून मोठी होते, त्यामुळे चित्र मंद दिसतं आणि डोकं जरा हललं की सगळं काळं. शेवटी पट खाली आणूनच वापरावा लागतो. ४० भागिले ९ केलं तर साडेचार मिमीच्या आसपास मिळतात.

काचेबद्दल 'फुली मल्टी-कोटेड' लिहिलेलं हवं, म्हणजे काचेच्या सगळ्या पृष्ठभागांवर प्रकाश परत न फेकणारे अनेक थर. कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, आणि स्कोपमध्ये असे पृष्ठभाग बरेच असतात. नुसतं 'कोटेड' असेल तर एखाद्याच लेन्सवर थर दिलेला असू शकतो. दुकानात भर उन्हातली पाटी बघून ठरवू नका, तिथे कुठलाही स्कोप छान दिसतो. उभ्या गाडीखालची सावली बघा. टायरची नक्षी ओळखू येते का? मग तीच नक्षी चित्राच्या कडेला आणा. तिथे ती फुटली किंवा जांभळी झालर दिसली तर पुढचा स्कोप मागा.

स्प्रिंगची एअर रायफल असेल तर हे आधी सांगा. ती आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते, आणि पुढचा झटका सोसण्यासाठी साधे स्कोप बनवलेले नसतात. रेटिकल (आत दिसणारी नेमाची फुली) ढिलं होतं. साध्या स्कोपचा पॅरलॅक्सही (डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणं) बहुधा १०० यार्डांसाठीच कायमचा जुळवलेला असतो. १० मीटरवर नेम धरायचा तर तिथपर्यंत येणारा अ‍ॅडजस्टेबल पॅरलॅक्स हवाच.

दिव्याचं रेटिकल, फर्स्ट फोकल प्लेन (झूमबरोबर फुलीही लहानमोठी होणं) वगैरे या बजेटमध्ये सोडून द्या. वाचलेले पैसे माउंटमध्ये, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगमध्ये घाला. रिंग हलत असतील तर उत्तम स्कोपसुद्धा झिरो (एकदा जुळवलेला नेम) धरणार नाही.

घेतल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत रेंजवर चौकोन मारून बघा. टेकू देऊन एकाच बिंदूवर नेम धरायचा. तीन-चार गोळ्यांचा एक गट मारून नेमाची चकती २० क्लिक (टप्पे) वर, मग २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, आणि प्रत्येक वळणानंतर तीन-चार फैरी. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक असेल तर १०० मीटरवर चौकोनाची बाजू साधारण साडेचौदा सेंमी यायला हवी, आणि शेवटचा गट पहिल्यावरच बसायला हवा. नाही बसला तर रिंगचे स्क्रू एकदा आवळून पुन्हा मारा. तरीही सरकला तर स्कोप परत करा.