रजा शिल्लक असते, तरी फिरणं होत नाही

"मॅडम, नोकरी सोडल्याशिवाय फिरणं काही व्हायचं नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आयटीतल्या मुलांकडून, शाळेतल्या बाईंकडून, बँकेतल्या काकांकडून, की यावर एकदा नीट लिहायचंच ठरवलं. मी समुपदेशन करते, त्यासाठी माझ्याकडे आलेल्या मंजिरीची गोष्ट सांगते. नाव आणि घरचे तपशील बदललेत, लिहू का म्हणून तिला विचारलंय.

मंजिरी ठाण्याची, चाळिशीच्या आसपासची, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. घरी नवरा, शाळेतला मुलगा आणि सासूबाई. आली होती झोप लागत नाही म्हणून, पण बोलणं फिरून फिरून तिथंच यायचं, मैत्रीण व्हिएतनामला जाऊन आली, जाऊबाई केरळला, आणि आम्ही कुठ्ठेच नाही. तिला काश्मीर बघायचं होतं आणि तेही दहा दिवस, नाहीतर एवढा खर्च करून उपयोग काय.

मी विचारलं, रजा किती शिल्लक आहे?

"असेल की. बघितली नाही."

हे मला नेहमी दिसतं. सुट्ट्या नाहीत म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना आपल्या सुट्ट्या किती ते माहीतच नसतं. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा ज्यांना लागू आहे त्यांना वर्षाला ८ सीएल, म्हणजे किरकोळ रजा, मिळतात, शिवाय ८ सणांच्या पगारी सुट्ट्या, आणि वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर दर २० दिवसांमागे एक दिवस पीएल, म्हणजे कमावलेली पगारी रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सीएल मात्र वर्ष संपलं की गेली.

तिला एचआरकडून गेल्या काही वर्षांचा रजेचा हिशोब काढून आणायला सांगितला. पुढच्या वेळी प्रिंटआउट घेऊन आली, मी पेन दिलं, म्हटलं प्रत्येक तारखेपुढे लिही कशासाठी घेतली होतीस. ती लिहीत गेली, पुतणीचं लग्न, सासूबाईंचं मोतीबिंदू, गणपती, मुलाची परीक्षा, परत लग्न. मग पेन थांबलं.

"यात माझं काहीच नाहीये."

"आणि ही उरलेली पीएल?"

"ती ठेवलीय. आईंना काही झालं तर लागेल."

"कधी अचानक लागली आणि साहेबांनी नाही म्हटलं, असं झालंय?"

बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. "नाही. मोतीबिंदूच्या वेळी तर तेच म्हणाले, अजून दोन दिवस घ्या." मग हळूच, "मॅडम, खरं सांगू का, मी मजा करायला गेले आणि मागे आईंना काही झालं तर लोक मला काय म्हणतील, याचीच भीती वाटते."

मी याच जागेची वाट बघत होते. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या, त्रासामागचे हटवादी विचार तपासायच्या पद्धतीने काम करते, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ती रुजवली, आणि माझा अनुभव असा की प्रश्न सुट्टीचा म्हणून येतो पण खाली एक हट्ट दडलेला असतो, घर शंभर टक्के सुरक्षित असेल तरच मी जाणार, आणि जाईन तर दहा दिवसच जाणार. दोन्ही अटी एकत्र कधी पूर्ण होत नाहीत, आणि दोष सगळा कंपनीवर जातो. दहा दिवसांचं काश्मीर तिची इच्छा कमी आणि न जाण्याचं कारण जास्त होतं, आणि हे मी न सांगता तिनेच पुढच्या सेशनमध्ये बोलून दाखवलं, मला त्याचं फार समाधान वाटलं.

मग कामाला लागलो. नेदरलँड्समधला एक अभ्यास २०१० मध्ये आला होता, दीड हजारावर लोकांचा, त्यात सुट्टीचा आनंद जास्त दिसला तो जायच्या आधी, आणि परतल्यावर बहुतेकांचा लगेच विरला. म्हणजे वर्षातून एक मोठी ट्रिप करण्यापेक्षा तीनचार छोट्या केल्या तर वाट बघायचे दिवस वाढतात, हा माझा त्यावरचा अर्थ, आणि क्लायंट्सच्या बाबतीत तो खरा ठरलेला मी पाहिलाय.

लाँग वीकेंडच्या मागे मात्र फार लागू नका. २०२६ मध्ये १ मे आणि २ ऑक्टोबर दोन्ही शुक्रवारी आहेत, रजा न टाकता तीन दिवस मिळतात हे खरं, पण ते सगळ्यांनाच मिळतात आणि अर्धा दिवस घाटातल्या ट्रॅफिकमध्ये जातो. त्यापेक्षा साधा शनिवार-रविवार आणि त्याला जोडून सोमवारची एक रजा. रात्रीची ट्रेन घ्या, दिवस वाचतो. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, तो दिवस फोनवर अलार्म लावून ठेवा. आणि परतायचं ते ऑफिसच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्या दिवशी पहाटे, घरी येऊन अंघोळ-चहा होईल एवढा वेळ ठेवूनच.

मंजिरीने सावंतवाडी निवडली. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारानंतर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं, इथे भलेभले फसतात, तिलाही मी दोनदा बजावलं. दुपारी उतरून मोती तलाव, राजवाड्यातल्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, चितारआळीतली लाकडी खेळणी, दुसऱ्या दिवशी आंबोली, सोमवारी संध्याकाळी परतीची तीच गाडी आणि मंगळवारी ऑफिस. रजा गेली एक.

सासूबाईंचं काय, हे जाण्याआधीच ठरवलं होतं. नणंद राहायला आली, औषधांची वेळ फ्रिजवर चिकटवली, डॉक्टरांचा नंबर तिला दिला, आणि फोन फक्त रात्री एकदा करायचा असं ठरलं. पहिल्या दिवशी मंजिरीने चार वेळा केला, दुसऱ्या दिवशी एकदाच.

काश्मीर अजून यादीत आहे, सहा दिवसांचं. नणंदेला तारखा आत्ताच विचारून ठेवल्यात आणि साहेबांना मेल गेलाय.