एक्सायटॉन म्हणजे ‘उत्तेजित इलेक्ट्रॉन’ नव्हे

प्रश्न असा आला आहे: क्वांटम डॉटवरच्या, म्हणजे अर्धसंवाहकाच्या काही नॅनोमीटरच्या कणांवरच्या, मराठी लेखांत एक्सायटॉनला ‘उत्तेजित इलेक्ट्रॉन’ म्हणतात, ते चालेल का? आणि ‘उत्तेजित’ हा शब्द शास्त्रात शोभतो का?

पहिल्याचं उत्तर: मुळीच चालणार नाही. २०२३ मध्ये बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना क्वांटम डॉटसाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हापासून ही चूक ऐकून कान किटले आहेत. अर्धसंवाहकावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि खाली त्याची रिकामी जागा राहते, ती होल. ऋण इलेक्ट्रॉन आणि धन होल एकमेकांना धरून असतात. या जोडीचं नाव एक्सायटॉन. फ्रेंकेल या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये कल्पना मांडली तीच मुळी विद्युतभार न वाहता स्फटिकातून पुढे सरकणाऱ्या उत्तेजनाची. इलेक्ट्रॉनला भार असतो, या जोडीला एकूण भार शून्य. मग दोन्ही एक कसे?

आता ‘उत्तेजित’. काही परिभाषाकार या शब्दाला नाक मुरडतात, त्याला वासनेचा वास येतो म्हणे, म्हणून ‘उद्दीपित’ घ्या. वास शब्दाला नाही, त्यांच्या नाकाला आहे. उत्तेजितमधला मूळ धातू तिज्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, ‘तिज निशाने’ असं स्पष्ट दिलंय. निशान म्हणजे धार लावणं. उत्तेजन म्हणजे मुळात शस्त्राला धार चढवणं! तीक्ष्ण आणि तिग्म याच धातूचे, आपलं तिखट तीक्ष्णावरून आलेलं, आणि बाजारातली तेजी फारसीमार्गे आलेली याच कुळातली. तितिक्षासुद्धा इथलीच, हे कळलं तेव्हा मी अख्खी संध्याकाळ त्याच आनंदात होतो. ‘तेज’ या शब्दातही आधी धार, मग ज्वाळेचं टोक आणि त्यानंतर प्रकाश, असं माझं ठाम मत आहे. प्रकाश हा अर्थ पहिला देणारे कोश क्रम उलटा लावतात.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. ग्रीक भाषेत याच मुळापासून ‘स्टिग्मा’ झाला. त्याचा अर्थ टोचून उमटवलेली खूण, ठिपका. म्हणजे क्वांटम डॉटमधला डॉट आणि त्याच्यातलं उत्तेजन, अर्थाने पाहिलं तर एकाच घरातले!

आणि ती धार प्रयोगशाळेत दिसते. कॅडमियम सेलेनाइडचा मोठा स्फटिक घेतला तर त्यात या जोडीची त्रिज्या साधारण ५ ते ६ नॅनोमीटर भरते. कण त्याहून लहान केला की जोडी दाटीवाटीने बसते आणि तिची ऊर्जा वाढते. म्हणून सुमारे ६ नॅनोमीटरचा कण लाल उजळतो आणि २ नॅनोमीटरचा निळसर. पदार्थ तोच, रंग निव्वळ आकाराचा. असंख्य कण एकत्र असले की त्यांच्या आकारांत थोडा फरक असतोच, त्यामुळे वर्णपटात रुंद पट्टा येतो. एकच कण द्रव हेलियमच्या तापमानाजवळ थंड करून पाहिला तर अत्यंत अरुंद रेषा मिळते. तीक्ष्ण रेषा. तिज् धातूला याहून चांगलं उदाहरण कुठलं द्यायचं?

याच कणांत सर्वांत खालची पातळी अशी असते की इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या फिरकींची (स्पिनची) जुळणीच प्रकाश बाहेर टाकायला आड येते. त्याला डार्क एक्सायटॉन म्हणतात. नेहमीच्या तापमानाला कणाचा उजेड दहा-वीस नॅनोसेकंदांत ओसरतो, पण कडाक्याच्या थंडीत जोडी याच पातळीत अडकते आणि तोच उजेड मायक्रोसेकंदांपर्यंत रेंगाळतो. मराठीत याला ‘काळा एक्सायटॉन’ लिहिलेलं पाहिलं की चीड येते. काळा कसला? ‘निस्तेज एक्सायटॉन’ लिहा. उत्तेजित आहे आणि निस्तेजही आहे, आणि दोन्ही शब्द एकाच धातूचे.